किती तपासले म्हणजे पुरे?

सावरगावाचे नाव निघाले की मध्यप्रदेशातील मराठी माणसाला प्रथम गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याला झेंडा बांधला जातो, आणि मग एका तीरावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या तीरावरून सावरगावकर परस्परांवर दगडांचा वर्षाव करू लागतात. दर वर्षी कित्येक जण जखमी होतात. प्राणही गेले आहेत. या प्रथेच्या बऱ्यावाईटाचा विचार आज आम्हांस करावयाचा नाही. तो यापूर्वी पुष्कळांनी केला आहे. आमचे लक्ष वेधले ते तिच्यातील एका लहानशा नियमाने. झेंड्यासह ते झाड पांढुर्णेकरांनी काढून चंडीमातेच्या मंदिरात पोचविले की दगड थांबतात. म्हणजे कोठे थांबावयाचे, हे पहिला दगड उचलण्यापूर्वीच दोन्ही तीरांना ठाऊक असते.

याच दोन गावांत, आणि खरे म्हणजे देशातील प्रत्येक गावात, आणखी एक विधी होत असतो. त्याची छायाचित्रे मात्र कोणी छापीत नाही. मतदानाच्या दिवशी, मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, शाळेच्या खोलीत मांडलेल्या यंत्रावर लटके मतदान होते. सरकारी मराठीत त्याला अभिरूप मतदान म्हणतात. आपल्याकडे सर्वांच्या तोंडी मॉक पोल हाच शब्द आहे. केंद्राध्यक्ष, ज्यांना मध्यप्रदेशात पीठासीन अधिकारी म्हणतात, ते उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान पन्नास मते नोंदवून घेतात. प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’ला त्यांत निदान एक मत पडलेच पाहिजे, असा दंडक आहे. मग यंत्राने दाखविलेली बेरीज आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या यांचा मेळ घालतात. मेळ बसला की यंत्रातील मते पुसून टाकतात, चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद करतात, आणि मग खऱ्या मतदाराला आत घेतात.

पण पन्नासच मते का? पाच का नाहीत, किंवा पाच हजार का नाहीत? पन्नास वेळा बरोबर चाललेले यंत्र एक्कावन्नाव्या वेळी चुकणार नाही, हे कोणी सांगितले?

प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु आज लाखो माणसांची उपजीविका ज्या व्यवसायावर चालते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आमच्या वाचकांपैकी फार थोडी घरे अशी असतील, की ज्यांचा मुलगा, सून, भाचा किंवा नात पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे अथवा त्याहूनही दूर सॉफ्टवेअरच्या नोकरीत नाही. त्यांतील कित्येकांचे काम टेस्टिंगचे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या आज्ञावलीतील दोष हुडकण्याचे असते. दिवाळीला घरी आलेल्या मुलाला आजोबा विचारतात, “दिवसभर चुकाच शोधतोस, तर त्या संपत कशा नाहीत?” मुलगा हसतो आणि फराळाच्या ताटाकडे वळतो. उत्तर देणे त्याला जड जाते, कारण चुका संपल्या म्हणून काम थांबले असे त्याच्या धंद्यात कधीच होत नाही.

सारे काही तपासणे अशक्य असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मतदान यंत्राच्या एका पाटीवर सोळा बटणे असतात. एकामागून एक पाचच मते टाकावयाची, आणि ती किती वेगवेगळ्या क्रमांनी टाकता येतील ते पाहावयाचे, एवढाच प्रयोग घ्या. सोळाला सोळाने गुणीत गेलो तर असे क्रम १०,४८,५७६ होतात. एका मताला पंधरा सेकंद धरली, तर रात्रंदिवस बसून हे सर्व क्रम तपासण्यास ९१० दिवस लागतील. अडीच वर्षे, आणि तीही फक्त पाच मतांसाठी! एवढ्या साध्या यंत्राची ही कथा, तर बँकेचा हिशेब किंवा रेल्वेचे आरक्षण चालविणाऱ्या आज्ञावलीची गोष्टच नको. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच निक्षून सांगितले होते की, तपासणीने दोष आहेत हे सिद्ध करता येते, दोष नाहीत हे कधीच सिद्ध करता येत नाही. तेव्हा अर्ध्यावर थांबावयाचे हे ठरलेलेच. प्रश्न एवढाच उरतो की कोठे.

येथे आमच्याच धंद्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. मासिकाची मुद्रिते तपासणाऱ्यालाही हाच प्रश्न छळतो. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुपाने सापडतात, दुसऱ्यात मूठभर, तिसऱ्यात एखादी. आणि अंक छापून आल्यावर नेमकी मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यात एक दात विचकीत उभी असते. विख्यात गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९७६ साली एका अमेरिकन गणित मासिकात यावर एक चिमुकला लेख लिहिला. त्यांची युक्ती अशी. एकच मुद्रित दोघांना स्वतंत्रपणे वाचावयास द्या. समजा, पहिल्याला ३० चुका सापडल्या, दुसऱ्याला २४, आणि त्यांतील २० दोघांनाही सापडल्या. आता दुसऱ्याच्या २४ पैकी २० पहिल्याने पकडल्या आहेत. म्हणजे पहिल्याची नजर सहांपैकी पाच चुका पकडणारी आहे. मग त्याच्या ३० चुका या एकंदर चुकांच्या पाच-षष्ठांश असल्या पाहिजेत, अर्थात एकंदर चुका सुमारे ३६. दोघांनी मिळून पकडल्या ३४. तेव्हा कोणालाही न दिसलेल्या चुका अजून दोनेक असाव्यात.

न सापडलेल्या चुकांची गणती करता यावी, हे प्रथम ऐकणाऱ्याला जादूसारखे वाटते. पण या जादूला एक अट आहे: दोन वाचकांची नजर एकमेकांपासून स्वतंत्र असली पाहिजे. दोघेही मथळा वाचावयाचा सोडून देत असतील, तर मथळ्यातील चूक दोघांच्याही जाळ्यातून निसटेल आणि हिशेब मात्र ‘सर्व ठीक’ म्हणेल. ही अट वाचकांनी मनात ठेवावी. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

सॉफ्टवेअरच्या जगात या विचाराला शास्त्राचे रूप मिळाले ते १९७० नंतरच्या दशकात. अमृत गोएल आणि काझू ओकुमोटो या दोघांनी १९७९ साली एक सूत्र मांडले. त्याचा गाभा कोणालाही समजण्यासारखा आहे: जितके दोष उरलेले असतील, त्या प्रमाणात ते सापडतात. आरंभी दोष पुष्कळ, म्हणून सापडतातही भराभर. पुढे विहिरीतले पाणी खाली जावे तसा पोहरा रिता येऊ लागतो. पुढच्याच वर्षी याच दोघांनी तपासणी कोणत्या वेळी थांबवून माल बाजारात सोडावा, याचा खर्चाच्या अंगाने विचार करणारा निबंध लिहिला. त्यांची गणिते येथे देण्याचे कारण नाही. परंतु कल्पित आकडे घेऊन त्यांचा आशय सांगणे शक्य आहे.

समजा, एका आज्ञावलीत शंभर दोष आहेत आणि दर आठवड्याला उरलेल्यांपैकी तीन-दशांश सापडतात. पहिल्या आठवड्यात ३०, दुसऱ्यात २१, तिसऱ्यात १५, चौथ्यात १०, असा क्रम लागतो. तपासणाऱ्या मंडळींचा खर्च आठवड्याला दोन लाख रुपये धरू. दोष आधी सापडला तर दहा हजारांत दुरुस्त होतो. ग्राहकाच्या हाती गेल्यावर उघडकीस आला तर एक लाख रुपयांना पडतो. म्हणजे वेळेवर सापडलेला प्रत्येक दोष नव्वद हजार वाचवितो. आठव्या आठवड्यात सरासरी अडीच दोष सापडतील, वाचतील सुमारे सव्वादोन लाख. खर्च दोन लाख. व्यवहार अजून फायद्याचा आहे. नवव्या आठवड्यात सापडतील पावणेदोन, वाचतील दीड लाखाच्या आसपास. खर्च तोच दोन लाख. येथे थांबले पाहिजे. उरलेले सुमारे सहा दोष ठाऊक असूनही माल सोडावयाचा, आणि ते दोष पुढे निघतील तेव्हा निस्तरावयाचे. गृहिणीला हे नवीन नाही. तांदूळ निवडताना शेवटचा खडा मिळेपर्यंत कोणी सूप धरून बसत नाही. कधीतरी दाताखाली येईल हे धरूनच ती तांदूळ वैरते.

आता याच हिशेबात एकच आकडा बदलू. ही आज्ञावली दुकानाच्या बिलांची नसून इस्पितळातील यंत्राची आहे, आणि उरलेल्या एका दोषाची किंमत एक लाख नव्हे, एक कोटी आहे. बाकी सारे तसेच. मग तपासणी किती आठवडे चालवावी? हिशेब केला असता उत्तर येते एकवीस आठवडे. नुकसान शंभरपट झाले, पण तपासणी तिपटीहूनही कमी वाढली! कारण उतार एवढा घसरता आहे की प्रत्येक जादा आठवडा उरलेल्या दोषांचा मोठा लचका तोडतो. ‘आमचे काम फार जोखमीचे, म्हणून तपासणी कधी संपणारच नाही’ असे म्हणणाऱ्याला आणि ‘खर्च परवडत नाही’ म्हणून आठव्या आठवड्यातच गाशा गुंडाळणाऱ्याला, दोघांनाही हे गणित गप्प करते.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी हे गणित कोणी करीत नाही, असे या व्यवसायातील जाणती मंडळी सांगतात. कबूल केलेली तारीख आली की तपासणी संपते, किंवा मंजूर झालेला पैसा संपला की संपते. तारखेने थांबणे हे थांबणे नव्हे, ते थकणे झाले, असे आमचे मत आहे. मात्र गणितावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. सर्व दोष सारखेच आणि सारख्याच सहजतेने सापडणारे आहेत, असे हे सूत्र धरून चालते. आणि जे दोष तुमच्या तपासणीच्या आवाक्यातच नाहीत, त्यांच्याविषयी ते मुके असते.

याचा दाखला युरोपने फार महाग मोल देऊन घेतला. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधून ‘एरियान ५’ हे नवे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले आणि अवघ्या चाळीसेक सेकंदांत आकाशात फुटले. दिशा सांगणाऱ्या उपकरणातील आज्ञावली जुन्या ‘एरियान ४’ वरून जशीच्या तशी घेतलेली होती, आणि तेथे ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली होती. नवे बाण अधिक वेगाने आडवे सरकते. वेगाचा एक आकडा ३२,७६७ च्या पलीकडे गेला, आणि त्यासाठी राखलेल्या जागेत तो मावेना. उपकरण बंद पडले, त्याच्या जोडीचेही त्याच कारणाने बंद पडले. दोन मुद्रितशोधक, आणि दोघांचीही नजर एकाच ठिकाणी आंधळी! चौकशी समितीने दाखवून दिले की नव्या बाणाच्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन त्या उपकरणाची जमिनीवरच परीक्षा घेता आली असती. ती घेतलेली नव्हती. जुन्या बाणावर तपासून झाले आहे, एवढ्यावर मंडळी थांबली होती. आणखी दुर्दैव असे, की आज्ञावलीचा तो भाग बाण उडाल्यानंतर कशाच्याही उपयोगाचा नव्हता.

आता पुन्हा आपल्या मतदान केंद्राकडे वळू. या यंत्रांचा इतिहास वाचकांस ठाऊक असेल. मे १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर ती प्रथम वापरली गेली. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते मतदान रद्द ठरविले. १९८८ च्या अखेरीस कायदा दुरुस्त झाला. आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्यप्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील सोळा विधानसभा मतदारसंघांत यंत्रे पुन्हा अवतरली. त्यांत आपल्या मध्यप्रदेशातील पाच होते. २००४ च्या लोकसभेपासून सारा देश यंत्रावर मत देतो.

सकाळचे पन्नास मतांचे अभिरूप मतदान ही या यंत्राची पहिली नव्हे, शेवटची परीक्षा असते. निवडणुकीच्या कित्येक आठवडे आधी प्रत्येक यंत्राची प्राथमिक तपासणी भारत इलेक्ट्रॉनिक्स व इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन उत्पादक कंपन्यांचे अभियंते पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष करतात. त्यांतून निवडलेल्या पाच टक्के यंत्रांवर अधिक कडक प्रयोग होतो: एक टक्का यंत्रांवर १,२०० मते, दोन टक्क्यांवर १,०००, आणि दोन टक्क्यांवर ५००. पुढे उमेदवारांची नावे यंत्रांवर चढविल्यानंतर पुन्हा पाच टक्के यंत्रांवर हजार-हजार मतांची परीक्षा असते. सकाळच्या पन्नास मतांचा अर्थ या पार्श्वभूमीवर उलगडतो. यंत्र मुळात कसे घडविले आहे, हा प्रश्न त्या वेळी विचारावयाचाच नसतो. वाहतुकीत काही बिघडले का, जोडणी नीट झाली का, पाटीवरच्या प्रत्येक बटणासमोर योग्य तेच नाव आणि तेच चिन्ह आहे का, एवढेच पाहावयाचे असते. त्यासाठी पन्नास पुरेत. पाच हजार मते टाकूनही या प्रश्नांचे याहून चांगले उत्तर मिळणार नाही, आणि दुपारपर्यंत दाराबाहेर रांग उन्हात तिष्ठत राहील.

शिवाय तपासणीतूनच नवा दोष जन्माला येऊ शकतो, हे फारसे कोणी बोलत नाही. अभिरूप मतदानातील मते पुसावयास केंद्राध्यक्ष विसरले तर खऱ्या मतांत पन्नास लटकी मते मिसळतात. असे प्रकार घडलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी निवडणूक आयोगाला वेगळे नियम करावे लागले आहेत. तपासणी वाढविली की ही जोखीमही वाढते. खर्चाच्या रकान्यात तीही धरली पाहिजे.

परंतु मुख्य शंका राहतेच. मतदानापूर्वी शहाण्यासारखे वागलेले यंत्र प्रत्यक्ष मतदानात तसेच वागले कशावरून? या शंकेचे उत्तर मतदानाआधीच्या कोणत्याही तपासणीने मिळत नाही. दुसरा, स्वतंत्र नजरेचा मुद्रितशोधक हवा; आणि तो म्हणजे मतदाराला सात सेकंद दिसून पेटीत पडणारी कागदी चिठ्ठी. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे ती प्रथम वापरली गेली, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व केंद्रांवर आली. मग वाद सुरू झाला तो हा: मतमोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांची मोजणी यांचा ताळा किती केंद्रांवर पाहावयाचा?

प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून निवडलेले एक केंद्र, असा तेव्हा नियम होता. एकवीस विरोधी पक्षांच्या नेत्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे निम्म्या केंद्रांची मागणी केली. त्याने निकाल पाच-सहा दिवस लांबेल, असे आयोगाचे म्हणणे. आयोगाने संख्याशास्त्रज्ञांच्या एका समितीचे मत आधीच घेतले होते. समितीतील एक सदस्य राजीव करंदीकर हे त्या वेळी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. आमच्या वाचकांस विशेष वाटावे असे की त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयात झालेले आहे. समितीचे उत्तर होते ४७९ यंत्रे. सबंध देशात, दहा लाखांहून अधिक यंत्रांतून, फक्त ४७९!

हा आकडा ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या. पण शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या माणसांनी त्याचे नवल करू नये. भात नीट ढवळलेला असला, तर पातेले मोठे म्हणून शिते जास्त चेपावी लागत नाहीत. शंभरात दोन यंत्रे सदोष असतील, तर यादृच्छिक उचललेले एक यंत्र निर्दोष निघण्याचा संभव ०.९८. लागोपाठ ४७९ यंत्रे निर्दोष निघण्याचा संभव म्हणजे ०.९८ ला स्वतःनेच ४७९ वेळा गुणावयाचे. तो लाखात सहा-सातच्या घरात येतो. म्हणजे ४७९ च्या ४७९ जुळली, तर सदोष यंत्रे शेकडा दोनांहून कमी आहेत असे जवळजवळ निःशंक म्हणता येते. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेतीच्या प्रयोगांसाठी आणि पाहणीसाठी लिहिलेला ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला, आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. सगळे शेत न कापता पीक किती आले हे सांगण्याची ही विद्या. सौंसर-पांढुर्ण्याच्या कापूस पिकविणाऱ्याला हा विचार परका नाही.

तरीही टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, असे आम्हांस वाटते. ४७९ हे उत्तर बरोबर आहे. पण ते कोणत्या प्रश्नाचे? ‘देशातील यंत्रे एकंदरीने ठीक आहेत काय?’ या प्रश्नाचे. सावरगावच्या मतदाराचा प्रश्न निराळा आहे: ‘माझ्या मतदारसंघाचा निकाल ठीक आहे काय?’ पातेले एक नाही, मतदारसंघागणिक वेगळे आहे, आणि इंदूरच्या पातेल्यातले शीत चेपून पांढुर्ण्याचा भात शिजल्याचे कळत नाही. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाऐवजी पाच केंद्रे असा आदेश दिला. लोकांचे समाधान व्हावे, हा त्यामागील हेतू होता. देशभराचा हिशेब केला तर हा आकडा वीस हजारांच्या वर जातो, समितीने मागितलेल्या आकड्याच्या चाळीसपट. परंतु एका विधानसभा क्षेत्रात अडीचशे केंद्रे आहेत आणि त्यांतील पाच यंत्रे सदोष आहेत असे समजा. पाचांच्या ताळ्यात त्यांतील एखादे सापडण्याचा संभव शेकडा दहाहूनही किंचित कमी भरतो. लोकसभेच्या वेळी पांढुर्णा व सौंसर धरून छिंदवाडा मतदारसंघात विधानसभेची सात क्षेत्रे येतात. पस्तीस यंत्रांचा ताळा होतो, आणि तोच संभव शेकडा पन्नासाच्या आसपास जातो. जिंकणाऱ्याचे आधिक्य लाखाचे असेल तर एवढ्या तपासणीवर कोणाची झोप उडण्याचे कारण नाही. आधिक्य शे-दोनशे मतांचे असेल तर मात्र पाच हा आकडा फार तोकडा वाटतो. आमच्या मते खरा तोडगा येथेच आहे: आधिक्य मोठे तेथे थोड्यावर थांबावे, ते जसजसे निसटते होत जाईल तसतसा ताळा वाढवीत न्यावा, आणि हा नियम मते पडण्यापूर्वीच कागदावर असावा. सर्वत्र सारखे पाच मोजण्यात ना पैशाचा विवेक आहे, ना शंकेचे निरसन.

असा चढता-उतरता नियम करण्याचे शास्त्रही जुनेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अब्राहम वाल्ड यांनी ते उभे केले, आणि १९४७ साली त्यावरील त्यांचा ग्रंथ निघाला. लष्करी माल तपासताना किती नग पाहावयाचे हे आधी ठरवू नका. प्रत्येक नगानंतर तीनच वाटा ठेवा, असे वाल्ड यांचे सांगणे: माल घ्या, माल परत करा, किंवा आणखी एक नग पाहा. कोणत्या क्षणी कोणती वाट धरावयाची, एवढे मात्र आरंभापूर्वी ठरलेले हवे. या रीतीने सरासरीने पुष्कळ कमी नगांत तितकीच खात्री मिळते. हे वाल्ड भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर आले असता डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मृत्युमुखी पडले. एखाद्या केंद्रावर यंत्राचा व चिठ्ठ्यांचा मेळ बसला नाही तर आपल्याकडे चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. पण मग न तपासलेल्या बाकीच्या केंद्रांचे काय, हा प्रश्न टीकाकार विचारीत आले आहेत. वाल्ड यांची तिसरी वाट, ‘आणखी एक पाहा’, हीच तेथे हवी होती.

या प्रकरणात खर्चाचा विचार न्यायालयाने उघडपणे केला तो २०२४ साली. छिंदवाड्याने १९ एप्रिल रोजी पहिल्या टप्प्यात मतदान केले, आणि त्यानंतर आठवड्याने, २६ एप्रिलला, न्यायमूर्ती संजीव खन्ना व दीपांकर दत्ता यांनी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र त्यांनी एक नवी सोय करून दिली. निकालानंतर सात दिवसांच्या आत दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केली, तर त्या विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या स्मृतिभागाची तपासणी उत्पादक कंपनीचे अभियंते करतील. खर्च मागणाऱ्याने सोसावयाचा. यंत्रात ढवळाढवळ झाल्याचे निष्पन्न झाले तर तो त्याला परत मिळावयाचा. आयोगाने त्या वर्षी एका यंत्रसंचामागे चाळीस हजार रुपये आणि अठरा टक्के जीएसटी असा दर लावला. ज्याला शंका अधिक, त्याने पैसा घालावा; शंका खरी ठरली तर पैसा इतरांचा. आठव्या आठवड्यात थांबावे की एकविसाव्या, हे ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने थोडासा का होईना, हरलेल्याच्या हाती आला. चाळीस हजार ही रक्कम मोठ्या पक्षाला काहीच नाही. गावातून उभ्या राहिलेल्या अपक्षाला ती जड आहे.

त्याच निकालाने आणखी एक बाब सांगितली. उमेदवारांची चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये भरणारी उपकरणे निकालानंतर निदान पंचेचाळीस दिवस मोहोरबंद करून यंत्रांसोबत ठेवावयाची. निवडणुकीविरुद्ध अर्ज दाखल करण्याची कायद्याने दिलेली मुदतही पंचेचाळीस दिवसांचीच आहे. अर्ज आला नाही तर त्यानंतर मोहोर फोडतात, यंत्रे पुसून पुढल्या निवडणुकीसाठी मोकळी होतात, आणि प्राथमिक तपासणीचे अभियंते पुन्हा पहिल्या यंत्रापासून बाराशे मते टाकावयास बसतात.